ज्याला येत नाही, त्यानंही वाजवावं

‘ज्याला येतं त्यानं वाजवावं, बाकीच्यांनी ऐकावं.’ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणीही यावं आणि जमेल ते वाद्य हाती घ्यावं, अशी बैठक सुरू करा म्हटलं की संगीतावर मनापासून प्रेम करणारी माणसं हेच उत्तर देतात. नवशिके जमले की संगीत संपतं आणि गोंगाट उरतो, असं त्यांचं म्हणणं. ख्यालाच्या मैफलीपुरतं ते मला मान्य आहे. पण सगळं संगीत मैफलीसाठी जन्मलेलं नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या हरिनाम सप्ताहात भजनाला उभं राहून पाहावं. जाणता माणूस चाल सांगतो, पखवाज लय धरतो, टाळकरी धृपद उचलतात. नवखा रांगेच्या टोकाला उभा राहतो, शेजारच्याच्या हाताकडे बघत टाळ मिळवतो. तो चुकला तरी भजन मोडत नाही, कारण धृपद फिरून फिरून येतं आणि त्याला पुन्हा आत शिरायला जागा मिळते. त्याच वेळी मुरलेल्या गायकाला चढत्या लयीत आपली तयारी दाखवायलाही वाव असतो. नवख्याला सामावून घ्यायची ही सोय पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून घडवलेली आहे. तिला संगीताची खालची पायरी म्हणणं हा अन्याय आहे. थॉमस ट्युरिनो या अमेरिकन अभ्यासकानं २००८ सालच्या पुस्तकात नेमका हाच भेद मांडला: ऐकवण्यासाठीचं संगीत वेगळं, सहभागासाठीचं वेगळं, आणि दोघांच्या कसोट्याही वेगळ्या. आपल्या टाळकऱ्यांना ते पुस्तकाआधीच ठाऊक होतं.

कान उपजतच असावा लागतो, हाही समज टिकत नाही. सूर ओळखण्याची जन्मजात अडचण असलेल्यांचं प्रमाण २०१७ च्या एका मोठ्या पाहणीत दीड टक्क्याच्या आसपास निघालं. बाकीच्यांना आपण लहानपणीच ‘तू गाऊ नकोस’ म्हणून गप्प बसवलेलं असतं.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. इथल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. तिथं माणसं हातवारे आणि ओठांच्या हालचालींवर बोलतात. दिवसभर खटखट सोसलेल्या कामगाराला आणखी आवाज कशाला? म्हणूनच माझा आग्रह आहे की या बैठकीत लाऊडस्पीकर नको, डीजे तर नकोच. टाळ, दिमडी, ढोलकी, एखादी पेटी, आणि वर उघडं आकाश. शेडमधला आवाज कमी करणं ही मालकांची जबाबदारी आहेच, बैठकीनं ती माफ होत नाही. पण मागाची लय माणसावर लादलेली असते, तर इथली त्यानं स्वतः धरलेली असते. दमलेल्या माणसाला हा फरक कळत नाही, असं समजणं मला अपमानास्पद वाटतं.

मग भजनी मंडळं आहेत, लेझीम आहे, नवं कशाला? कारण या औद्योगिक वसाहतीत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारे लोक एकाच पाळीत काम करतात, आणि भजनाच्या रांगेत त्या सगळ्यांना आपली जागा वाटेलच असं नाही. जवळच कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. त्यांच्या हातातल्या चपळाईला दिमडी किती पटकन वश होईल! बार्शीचे शाहीर अमर शेख गिरणीतूनच आले होते. कामगारानं फक्त श्रोता व्हावं, हे या जिल्ह्याला शोभत नाही.

खर्च म्हणाल तर नगण्य. साप्ताहिक सुट्टीच्या संध्याकाळी एखाद्या कारखानदारानं आवार मोकळं करावं, भजनातल्या एका जाणत्यानं लय धरायला यावं. मंच, स्पर्धा, बक्षीस यांतलं काही नको. बायका आणि मुलं येतील अशी वेळ ठरवावी, आणि गणपतीच्या लेझमीचा सराव सुरू व्हायच्या आत पहिली बैठक घ्यावी.