छिंगहावची साक्ष

हिवतापावर अमुक वनस्पती गुणकारी आहे असे कोणी म्हणताच एका पक्षाने ते शिरोधार्य मानावे व दुसऱ्याने दाखला न तपासताच दावा खारीज करावा, ही उभयपक्षी घाई रोग्याच्या जिवावर बेतणारी असल्यामुळे, चीनमधील छिंगहाव या वनस्पतीची हकीकत वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याने ही वनस्पती पाण्यात भिजवून व पिळून तिचा रस घ्यावयास सांगितले होते. त्यात उकळण्याचा उल्लेख नाही हे ध्यानी येताच, उष्णतेने गुण नष्ट होत असावा असा तर्क करून तू यूयू या विदुषींनी ईथरच्या योगे अल्प तापमानात अर्क काढला, १९७१ मध्ये प्राण्यांवर त्याची खातरजमा केली, आणि रोग्यांस देण्यापूर्वी सहकाऱ्यांसह तो स्वतः प्राशन केला. या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत.

त्याच अर्कातील गुणकारी द्रव्यापासून सिद्ध झालेल्या आर्टेसुनेटची भारतासह चार देशांत उग्र हिवतापाच्या रोग्यांवर जी तुलनात्मक परीक्षा झाली, तिचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला तपशील असा की, कोयनेल दिलेल्या ७३१ पैकी १६४ रोगी दगावले, तर आर्टेसुनेट दिलेल्या ७३० पैकी १०७. (कोयनेल हीदेखील मूळची सिंकोनाच्या सालीचीच देणगी.) मात्र तीच वनस्पती घरी उकळून पिण्यास जागतिक आरोग्य संघटनेची संमती नाही, कारण अशा काढ्यात द्रव्याचे प्रमाण अनिश्चित व बहुधा अपुरे असते.

आमच्या ग्रंथसंग्रहांत पडून असलेल्या वैद्यकीय बाडांचीही अशीच कसून छाननी सरकारने व विद्यापीठांनी विनाविलंब हाती घ्यावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.