ग्रीष्मातील परसबाग आणि वैद्याची द्रव्यपरीक्षा



होळी झाली की आमच्या वऱ्हाडात ऊन तापू लागते आणि वैशाखात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. काळी माती तडकते, भेगांत बोट जाते, विहिरी तळ गाठतात. याच दिवसांत आमचे बहुतेक व्यवसायबंधू दवाखान्यामागील औषधी बागेचा नाद सोडून देतात. ‘आता मृग लागल्यावर पाहू’ हे त्यांचे ठरलेले उत्तर असते. आषाढात हौसेने रोपे लावावयाची, श्रावणात त्यांची छायाचित्रे काढावयाची, वैशाखात ती वाळू द्यावयाची आणि पुढील आषाढात तीच रोपे पुन्हा विकत आणावयाची, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. आयुर्वेद महाविद्यालयांस वनौषधी उद्यान सक्तीचे आहे. पण उन्हाळ्याच्या सुटीत त्यांपैकी एकात जाण्याचा योग आला, तेव्हा नावाच्या पाट्या तेवढ्या ताठ उभ्या होत्या, पाटीखाली वनस्पती नव्हती.

या सवयीने आपले नुकसान होते ते केवळ चार रोपांचे नव्हे. वैद्यास औषधी बाग सर्वांत अधिक शिकविते ती ग्रीष्मातच, आणि नेमका तोच धडा आपण बुडवितो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचे काल सांगितले आहेत. शाखा व पाने वर्षा आणि वसंतात घ्यावीत. मुळे मात्र ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने झडून गेली असता घ्यावीत, असा तो निर्देश आहे. आता विचार करावा. पाने झडल्यावर मूळ काढावयाचे, तर ते कोणत्या वनस्पतीचे हे ओळखावयाचे कशावरून? ज्याने ती वनस्पती अंकुरापासून पानगळीपर्यंत डोळ्यांसमोर वाढताना पाहिली आहे, त्यालाच ते साधेल. आपल्या दुकानात येणारे द्रव्यही असेच असते. खोडाचे तुकडे, मुळांच्या जुड्या, सालीचे पापुद्रे. पान नाही, फूल नाही. म्हणजे द्रव्य आपल्याकडे येते ते ग्रीष्माच्या वेषात, आणि आपण ते ओळखतो श्रावणातील छायाचित्रावरून! फसगत होते ती येथेच.

गुळवेलीचे उदाहरण ताजे आहे. करोनाच्या साथीत घरोघरी काढे उकळले गेले आणि ‘गुळवेल’ म्हणून मिळेल ती वेल कुंपणावर चढली. २०२१ मध्ये मुंबईतील तज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की कोणती याची खातरजमा झालेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुडूची, आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, या दोहोंतील भेद लक्षात घेण्याची सूचनाही मंत्रालयाने दिली. या वादात आम्ही येथे शिरत नाही. रुग्णाने सेवन केलेली वेल कोणती, हा प्रश्न निघाला तेव्हा आपल्यापैकी किती जण छातीठोकपणे उत्तर देऊ शकले असते, एवढेच आम्ही विचारतो.

त्याच वर्षी आमच्या एका रुग्णाने आपण रोज घेत असलेल्या वेलीचा तुकडा दाखविण्यास आणला. पानाविना हातभर खोड. ‘छिन्नरुहा’ म्हणावी तर तोडलेली वेल कोठेही रुजते हे त्याने स्वतः पाहिले होते. ‘चक्रलक्षणिका’ म्हणावी तर आडव्या छेदात चक्रही दिसत होते. पर्यायनामांवर विसंबून आम्ही मान डोलावणार, इतक्यात आमच्या बागेला पाणी घालणारा मदतनीस म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आपली वेल अशी खडबडीत नाही.” आम्ही तो तुकडा परसातील वेलीशेजारी धरला. आमच्या वेलीची साल पातळ, कागदासारखी सुटणारी, खाली हिरवी. त्या तुकड्यावर मात्र कारल्यासारखे बारीक उंचवटे ओळीने होते आणि कापल्यावर दुधाळ चीक आला. आम्ही रुग्णास ती वेल त्वरित बंद करावयास सांगितले. त्या दिवशी मान राहिला तो आमच्या पदवीचा नव्हे, मदतनिसाच्या झारीचा. हे कबूल करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गुळवेल उन्हाळ्यात पाने गाळते आणि त्या उघड्या वेलीवरच तिची बारीक पिवळसर फुले येतात. गुडूचीच्या फुलात पाकळ्या सहा, क्रिस्पाच्या फुलात तीन. ‘वेल वाळली’ म्हणून उन्हाळ्यात तिच्याकडे पाठ फिरविणाऱ्यास हे लक्षण कधी दिसणारच नाही.

चरकाचार्य म्हणतात की शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी हे औषधींची नावे व रूपे जाणतात. पण केवळ नाम-रूप जाणल्याने औषधीचे ज्ञान पूर्ण होत नाही. आज आपली स्थिती उलटी झाली आहे. रस, गुण, वीर्य, विपाक आपल्या जिभेवर आहेत. रूपच तेवढे हरवले आहे.

दुसरा मुद्दा आर्द्र द्रव्यांचा. शार्ङ्गधरसंहितेनुसार सामान्यतः ओले द्रव्य दुप्पट घ्यावे लागते; परंतु गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा, प्रसारिणी ही द्रव्ये सदैव ओलीच वापरावीत आणि त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असा नियम आहे. आता चैत्र-वैशाखात ताजा अडुळसा कोणत्या दुकानात मिळतो? ज्याच्या परसात तो जिवंत आहे त्यालाच शास्त्राचा हा नियम पाळता येतो. उरलेले आपण सोयीने कोरडे चूर्ण वापरतो आणि गुण कमी आला की दोष रुग्णाच्या पथ्यावर ढकलतो.

बाग जगवावी कशी, याविषयी आम्ही जे शिकलो ते चुका करूनच. पहिल्या उन्हाळ्यात रोपे माना टाकताना पाहून आम्ही भर दुपारी दोन वाजता पाणी घातले, एप्रिलमध्ये शेणखताचा ढीग दिला आणि ‘नवी फूट येईल’ म्हणून छाटणीही केली. तीन आठवड्यांत निम्मी बाग गेली. रुग्णास ग्रीष्मात जड आहार, व्यायाम व शोधन वर्ज्य सांगणाऱ्या वैद्याने वनस्पतीवर हे तिन्ही प्रयोग एकदम केले होते! आदानकालात बल क्षीण असते, हे सूत्र झाडासही लागू आहे. या दिवसांत खत नाही, छाटणी नाही, कुंडीबदल नाही, केवळ रक्षण.

पाण्याविषयी वराहमिहिरांनी बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेद अध्यायात ग्रीष्मात सकाळी व सायंकाळी, थंडीत दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकली तरच, असा क्रम सांगितला आहे. कुंडीस आणि कोवळ्या रोपास तो आजही तंतोतंत लागू पडतो. मुळे धरलेल्या झाडास मात्र रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी एकदाच खोलवर भिजविणे हितकर ठरते; वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि उन्हात भाजतात. दुपारी पाने लोंबली म्हणून घाबरू नये. संध्याकाळी ती पुन्हा उभी राहिली तर झाड तहानलेले नव्हते, ते स्वतःस जपत होते. सकाळीही माना खाली असतील तर मात्र त्वरित पाणी द्यावे.

आमच्याकडील कोरडवाहू शेतकरी ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे ओलित’ असे म्हणतो. खुरप्याने वरची माती मोकळी केली की भेगा बुजतात आणि ओल उडत नाही. त्यावर चार बोटे जाडीचे आच्छादन द्यावे. पालापाचोळा, उसाचे पाचट, भाताचा पेंढा, काहीही चालते. औषधनिर्माते मित्रांकडे तर काढ्याचा चोथा पोत्यांनी पडलेला असतो. तो उन्हात वाळवून, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून पसरावा. रोपाशेजारी बिनचकाकीचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून झाकून ठेवावे. ओल मुळांपाशी हळूहळू झिरपते. वैशाखात शिवपिंडीवर गळती बांधणाऱ्या आपल्या समाजास हे तत्त्व नवे नाही.

स्थान प्रत्येक द्रव्याच्या स्वभावानुसार असावे. ब्राह्मी व मंडूकपर्णी (आपल्या बाजारात दुसरीच पुष्कळदा पहिलीच्या नावाने विकली जाते) यांना सावली आणि कायम ओल हवी. मोरीच्या किंवा माठाच्या निथळत्या पाण्यापाशी त्या सुखाने राहतात. वाळा सांडपाण्याच्या चरालगत लावावा. बांधही धरून ठेवतो आणि माठात टाकण्यास मुळेही देतो. कोरफडीस पाणी बेतानेच. कडक उन्हात तिची पाने तांबूस होतात म्हणून दुपारची सावली द्यावी. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहावे. शतावरी वरून पिवळी पडली तरी उपटून टाकू नये. तिचा जीव कंदांत आहे, पहिल्या पावसाबरोबर नवे कोंब येतात. पश्चिमेच्या बाजूस हिरवी जाळी बांधली तर कोवळी रोपे तग धरतात. कोरड्या उष्म्यात पिठ्या ढेकूण व लाल कोळी हटकून येतात. पानांच्या खालील बाजूस पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, किंवा पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून सायंकाळी फवारावी. जे पान रुग्णाच्या पोटात जाणार, त्यावर विषारी कीटकनाशक कदापि नको.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. ज्या गावात नळास आठवड्यातून एकदा पाणी येते, बायाबापड्या टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या राहतात, तेथे वैद्याने बागेस पाणी घालणे शोभते काय? पिण्याचे पाणी घालणे मुळीच शोभत नाही. म्हणून बाग लहान असावी. भाज्या-तांदूळ धुतलेले, हातपाय धुतलेले, खल-बत्ते विसळलेले पाणी दिवसास दोन-तीन बादल्या सहज निघते. साबणाचे तेवढे वगळावे. तेवढ्यावर आठ-दहा झाडे जगतात. त्याहून अधिक लावण्याचा मोह दुष्काळी भागात धरू नये.

‘एवढ्याशा बागेने औषधशाळेचा माल थोडाच भागणार?’ असेही विचारले जाते. भागणार नाही, आणि तो हेतूही नाही. सोनाराकडे कसोटीचा दगड असतो. त्याचे दागिने घडत नाहीत, पण त्यावाचून सोने पारखता येत नाही. परसातील जिवंत वेल ही आपली कसोटी होय. व्यापाऱ्याने जुडी पुढे ठेवली की ती घेऊन मागील दारी जावे, झाडाशेजारी धरावी, मोडावी, हुंगावी, चाखावी आणि मगच पावती करावी. प्रयोगशाळेतील तपासणीची जागा हे घेऊ शकत नाही. पण तपासणीस काय पाठवावयाचे आणि काय दारातूनच परत करावयाचे, हे यावरून कळते.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक सभासदाने गुळवेल, अडुळसा, शतावरी, कोरांटी आणि वाळा ही पाच द्रव्ये येता उन्हाळा जगवावीत. ज्येष्ठात शाखेची जी सभा होईल, तीत प्रत्येकाने आपल्या बागेतील एकेक तुकडा पानाविना, नावाच्या चिठ्ठीविना आणावा आणि इतरांनी तो ओळखावा. भाषणे त्या दिवशी नसावीत. ज्यांस ओळखता येणार नाही त्यांत कदाचित आम्हीही असू. पण रुग्णासमोर चुकण्यापेक्षा आपल्या माणसांत चुकलेले बरे.

इत्यलम्.