एका कपापुरते दळण

लखनौ हे खरे तर चहाचे शहर. थंडीत तिथल्या जुन्या चौकात गुलाबी काश्मिरी चहाभोवती गर्दी होते. कॉफी म्हटली की लग्नाच्या मांडवातली वाफेच्या मशीनवर फेसाळलेली कॉफी आठवते, नाहीतर हजरतगंजचे इंडियन कॉफी हाऊस, जिथे यशपाल, भगवतीचरण वर्मा, अमृतलाल नागर यांच्यासारख्या हिंदी साहित्यिकांच्या गप्पा रंगत. आता मात्र चिकमगळूर, कूर्ग आणि अराकूच्या भाजलेल्या बिया कुरियरने थेट घरी येतात. बिया आल्या की दळण्याचा प्रश्न आलाच.

मग घरात एक जण मोबाइलवर नव्या ग्राइंडरची छायाचित्रे पाहत बसतो. एका वेळी एकाच कपाच्या बिया दळणारे हे यंत्र अजून बाजारात यायचे असते, पण आगाऊ नोंदणी सुरू झालेली असते. स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, ‘‘अहो, मिक्सर आहे की घरात. मग हे आणखी कशाला?’’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

जायफळाचा धडा

मराठी घरात कॉफीत जायफळ घालतात, पण जायफळाची पूड कोणी महिनाभराची करून ठेवत नाही. हवे तेवढेच किसणीवर किसले जाते, कारण किसलेल्या जायफळाचा वास टिकत नाही. कॉफीचेही तसेच आहे. बी अखंड असते तोवर सुगंध आत राहतो. दळल्यावर तो झपाट्याने उडू लागतो.

नेहमीच्या विजेच्या ग्राइंडरवर बियांचे मोठे भांडे असते. त्यात बिया दिवसेंदिवस पडून राहतात. शिवाय थोडी पूड यंत्रातच अडकते आणि दुसऱ्या दिवशीच्या कॉफीत मिसळते. पिठाच्या गिरणीत आपल्या गव्हात आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी यावी, तसाच हा प्रकार. नव्या पद्धतीत १५ किंवा १८ ग्रॅम बिया तोलून टाकायच्या आणि जवळजवळ तेवढीच पूड बाहेर यायची. २०१७ साली ब्रिटनमधल्या ‘निश झीरो’ या ग्राइंडरने लोकांकडून आधी पैसे गोळा करून असे यंत्र घराघरांत नेले. तेव्हापासून अशा ग्राइंडरची वाट पाहणे हा एक छंदच झाला आहे.

मिक्सर का चालत नाही? त्याचे पाते बिया दळत नाही, तोडते. काही पूड पिठासारखी होते, काही रव्यासारखी. बारीक पूड कडवट उतरते, जाडीचा अर्क पुरता उतरत नाही. चांगल्या ग्राइंडरमध्ये जात्याच्या तळ्यांप्रमाणे दोन दातेरी चकत्या असतात. त्यांच्यातले अंतर कमीजास्त करून दळण हवे तसे जाडबारीक करता येते.

पैसे भरण्यापूर्वी

तरीही न पाहिलेल्या वस्तूसाठी घरातली शिल्लक मोडताना दहादा विचार करावा. २०१२ साली अमेरिकेत ‘झेडपीएम’ नावाच्या एस्प्रेसो मशीनसाठी सुमारे १,५०० लोकांनी मिळून साडेतीन लाख डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ दिली होती. मशीन त्यांच्या घरी पोहोचलेच नाही. अशी नोंदणी म्हणजे दुकानातली खरेदी नव्हे, तो एक प्रकारचा विश्वास असतो.

म्हणून काही गोष्टी आधी विचाराव्यात. यंत्र आपल्याकडच्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ विजेवर चालेल का? अमेरिकेतले १२० व्होल्टचे यंत्र इथे तसेच लावले तर जळू शकते. चकत्या आणि सुटे भाग भारतात मिळतील का? वॉरंटी इथे लागू आहे का? बाहेरून मागवल्यास सीमाशुल्क कोण भरणार? भारतीय विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परदेशी विक्रेत्याच्या मागे लागणे मात्र सोपे नसते.

वाट पाहताना

तोवर हाताने फिरवायचा छोटा ग्राइंडर उत्तम. एका कपाचे दळण तोही करतो आणि वीज गेली तरी अडत नाही. बिया एकदम किलोभर न घेता थोड्या थोड्या घ्याव्यात, पाकिटावर भाजल्याची तारीख पाहावी आणि त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात. लखनौच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पूड यंत्राला चिकटून बसते. दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडून हलवले तर हे कमी होते. डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधनातही बियांमधल्या ओलाव्यामुळे स्थिर विद्युत घटते असे दिसले आहे. थेंब एकच हवा, बिया भिजवायच्या नाहीत.

दोनचार महिने हाताने दळून पाहिल्यावर घरातल्यांनाच कळेल की रोज सकाळी तोलणे, दळणे, पुसणे जमते की नाही. जमले तर नवे ग्राइंडर खुशाल घ्यावे. तोवर ते घेतलेल्यांचे अनुभवही समजलेले असतील. नाही जमले तर घरातली शिल्लक शाबूत राहील. आणि कोणी सांगावे, हाताने दळलेल्या त्या कपात चिमूटभर जायफळ पडले की ‘कशाला?’ विचारणारीच दुसरा कप मागेल.