घर उंचावर, पाणी सखलात

धारावीच्या पुनर्विकासात जे रहिवासी 'अपात्र' ठरतील, त्यांच्या भाड्याच्या घरांसाठी उपनगरातली २५५.९ एकर मिठागरे घ्यायची, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. कांजूरचे आर्थर मिठागर १२०.५ एकर, कांजूर-भांडुपचे जेन्किन्स ७६.९ एकर आणि मुलुंडचे जामास्प ५८.५ एकर. जमीन केंद्राची, भाडेपट्टा ९९ वर्षांचा. त्याआधी २०१८ मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखड्याने ना-विकास क्षेत्रातल्या जमिनी परवडणाऱ्या घरांसाठी खुल्या करायला सुरुवात केलीच होती. तेव्हा दहा लाख घरांची भाषा होती. मिठागर असो की गोराई-मनोरीचे भातखाचर, उपनगरातली सखल जमीन म्हणजे बांधायची राहून गेलेली जमीन, असे आता सरकारदरबारी आणि बाजारात सारखेच मानले जाते. त्यासाठी दिली जाणारी कारणे आधी नीट ऐकून घेतली पाहिजेत, कारण ती सगळीच पोकळ नाहीत.

पहिले कारण असे की ही जमीन ओसाड आहे. मीठ पिकणे कधीच थांबले, पूर्व द्रुतगती महामार्ग मध्ये आल्याने भरतीचे पाणीही आत येत नाही, मग राखायचे काय? दुसरे कारण: घरे गरिबांसाठी आहेत. झोपडीतल्या माणसाला छप्पर मिळत असताना पाणथळीचा कळवळा येणे हा फ्लॅटमध्ये बसून करायचा शौक आहे. तिसरे कारण सर्वांत टोकदार आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही सारी उपनगरे शेतांवर आणि खारजमिनींवरच उभी राहिली. तिथे राहणाऱ्यांनी आता दार लावून घ्यायचे, हा कुठला न्याय? आणि चौथे कारण शेतमालकाचे: जमीन माझी, भात परवडत नाही, तुकडे पाडून विकायला मला अडवणारे तुम्ही कोण?

ओसाडपणापासून सुरुवात करू. मिठागराचे काम मिठापुरते कधीच नव्हते. उधाणाचे पाणी बांधातल्या दारांतून आत घ्यायचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत आटवायचे आणि उन्हाळ्यात मीठ ओढायचे, हे झाले अर्ध्या वर्षाचे काम. पाऊस लागला की त्याच बांधांच्या आत पावसाचे पाणी साचते. मुलुंड-भांडुपच्या डोंगरउतारांवरून जे पाणी नाल्यांनी ठाण्याच्या खाडीकडे धावते, त्याला भरतीच्या वेळी समुद्र आत घेत नाही. पर्जन्यवाहिन्यांची तोंडे त्या वेळी पाण्याखाली असतात, म्हणून तर पालिका दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्या तासांत पाणी थांबणार ते सखल भागातच. महामार्गाने खाडीचे पाणी अडले हे खरे. पण डोंगराकडून येणारे पाणी तो अडवत नाही, उलट बांधासारखा आडवा येऊन ते त्याच सखल भागात कोंडतो. जे कारण घरे बांधायला सोयीचे म्हणून पुढे केले जाते, तेच घरे न बांधण्याचे कारण आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात कुठलेही शहर बुडाले असते, हे मान्य. पण अंधेरीचा सबवे बुडायला ९४४ मिलिमीटर लागत नाहीत, तासाभराची जोरदार सर पुरते. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याविषयीच्या १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने मुंबईसाठी उदंचन केंद्रे सुचवली. त्यांतल्या माहुल आणि अंधेरीच्या मोगरा केंद्रांची रखडकथा उपनगरवासीयांना पाठ आहे. सखल जमीन फुकट करते ते काम पंपांकडून करून घ्यायला पालिका शेकडो कोटी मोजते, आणि त्याच वेळी सखल जमीन भरावाखाली घालायला परवानगी मिळते. याला विकास म्हणायचे असेल तर हिशेब या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आता गरिबांच्या घरांचा मुद्दा. तो खरा असता तर आम्हीही गप्प बसलो असतो. धारावी सुमारे ६०० एकरांवर, दोन रेल्वेमार्गांच्या मध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलाला खेटून आहे. तिथे कष्ट करणाऱ्या माणसाला तिथेच घर देता येत नाही, कारण तिथली जमीन विक्रीच्या इमारतींसाठी हवी आहे. मग जो कागदपत्रांत बसत नाही, त्याची सोय कांजूरच्या मिठागरात किंवा देवनारच्या कचराभूमीवर लावायची. कचराभूमीचे १२४ एकरही याच प्रकल्पासाठी दिलेले आहेत, हा योगायोग नव्हे. गरिबाला जागा देताना हे शहर नेहमी खाडी, कचरा आणि कारखाना यांच्या कडेलाच बोट दाखवते. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपडीवासीयांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेले गेले. पुढे उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावे लागले की त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे द्या. घरे तिथेही 'गरिबांसाठी'च होती. पहिल्या मोठ्या पावसात तळमजला पाण्यात जाईल अशा जागी गरिबाला बसवायचे आणि विरोध करणाऱ्यालाच गरीबद्वेष्टा म्हणायचे, हा कांगावा आहे.

जमीन नाही, हेही खरे नाही. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या सुमारे ६०० एकरांपैकी एक तृतीयांश मोकळ्या जागेला आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना राखला होता. २००१ मध्ये ती वाटणी गिरणीच्या आवारातल्या फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरवली गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा राज्याने २००७ मध्ये रद्द केला. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने २०११ च्या जनगणनेच्या आधारे सांगितले की मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आहेत, देशात सर्वांत जास्त. कोरडी, मध्यवस्तीतली जमीन धोरणाने सोडून दिली, बांधून झालेली घरे कुलपात ठेवली, आणि आता टंचाईचे बिल मिठागराच्या नावावर फाडले जात आहे.

तिसरे कारण मात्र झटकून चालणार नाही. होय, साष्टी बेटावरची भातशेती बुजवूनच उपनगरे झाली. पण कशी झाली? १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली योजना आखल्या गेल्या. अंधेरी, सांताक्रूझ, घाटकोपरच्या कितीतरी पत्त्यांत 'टीपीएस' ही अक्षरे अजून टिकून आहेत. या पद्धतीत शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करून, रस्ते, गटारे, शाळा, मैदाने आधी काढून, उरलेले आखीव भूखंड मूळ मालकांना परत मिळत. म्हणजे पूर्वजांनी शेती बुजवली ती नकाशा समोर ठेवून. आज मात्र नियम मोडायचा आणि मग नियमित करून घ्यायचे, अशी रीत पडली आहे. वसई, भिवंडी, पनवेलकडे शेते गुंठ्या-गुंठ्याने कापली गेली. १९४७ चा तुकडेबंदी कायदा कागदावर राहिला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतचे तुकडे नियमित केले, २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली, आणि २०२५ मध्ये तुकडेबंदीचीच पकड आणखी सैल झाली. गुंठा घेणाऱ्या नोकरदाराचा यात दोष नाही, त्याला परवडणारे दुसरे घर कुणी दिलेच नाही. पण प्रत्येक नवी मुदत पुढच्या दलालाला सांगते की आज कापा, उद्या नियमित होईल.

खोट कायद्यातही आहे. भारत १९८२ पासून रामसर कराराचा सदस्य आहे, आणि त्या कराराच्या वर्गीकरणात भातशेती व मिठागरे मानवनिर्मित पाणथळ म्हणून मोजली जातात. इस्रोच्या राष्ट्रीय पाणथळ नकाशातही मिठागरांचा वेगळा वर्ग आहे. तरी केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी व्याख्येतूनच भातखाचरे आणि मिठागरे वगळली. त्यामुळे ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली, पण तिला लागून असलेले मिठागर नियमांच्या लेखी पाणथळच नाही. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) खाडीत उतरला तर संरक्षित, बांध ओलांडून आत आला तर बिल्डरच्या भूखंडावर.

मग करायचे काय? साष्टीतल्या आगरी, कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन गावांची जुनी मांडणी पाहा. गावठाण उंचवट्यावर, वरच्या अंगाला वरकस, सखलात भातखाचर, आणि खाडीला टेकून खारजमीन व मिठागर. शहर वाढवताना ही उतरंड पाळायची, एवढाच आमचा आग्रह आहे.

त्यातून चार गोष्टी येतात. एक, महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करून वापरातली भातखाचरे आणि सर्व मिठागरे पाणथळ म्हणून नोंदवावीत. पूर्व कोलकात्याच्या भेडी (मत्स्यतळी) आणि भातशेती मिळून सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्र रामसर यादीत आहे, आणि पश्चिम बंगालने २००६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तिथे मासेमारी आणि शेती चालू ठेवूनच संरक्षण होते. दोन, गोराई, मनोरी, मढसारख्या गावांना गावठाण विस्तार द्यावा. पोराचे लग्न झाल्यावर खोली काढायला ज्यांना परवानगी मिळत नाही, त्यांना शेत विकू नका असे सांगण्याचा नैतिक अधिकार कुणालाच नाही. महसूल संहितेचे कलम ४२-ड गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन अकृषिक मानते. ती मुभा सखल खाचरे टाळून, उंच भागापुरती, नकाशावर आखून वापरावी. तीन, चौथ्या कारणातल्या शेतमालकाच्या प्रश्नाला पैशात उत्तर द्यावे. रस्त्याला जमीन दिली तर टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) मिळतो. मग पाणी झेलणारे शेत शेतच ठेवणाऱ्याला का मिळू नये? आणि चार, कुठल्याही सखल जागी पहिली वीट ठेवण्याआधी म्हाडाच्या, पालिकेच्या आणि धारावीच्या कोरड्या जमिनीवर किती घरे बसतात, याचा आकडा सरकारने जाहीर करावा. रिकाम्या घरांवर वाढीव कर लावून तो पैसा कोरड्या जमिनीवरच्या या घरांकडे वळवावा.

यातली एकही मागणी घरांच्या विरोधात नाही. धारावीतल्या अपात्र कुटुंबाला धारावीतच घर मागणारे आम्ही त्याचे शत्रू, आणि त्याला मिठागरात नेऊन सोडणारे त्याचे कैवारी, हा वाद असा उलटा मांडला जातो तोवर त्याचे उत्तर उलटेच येणार. आधी कोरड्या जमिनीचा हिशेब मांडा. तो मांडूनही घरे कमी पडली, तर सखल जमिनीविषयी बोलायला आम्ही तयार आहोत. पण हिशेब न देता भरावाचे ट्रक सुटणार असतील, तर त्याला घरबांधणीचे धोरण नव्हे, जमीनवाटपाचे धोरण म्हणावे लागेल.