परवाना तिसऱ्याचा

मार्च लागला, काजूचे बोंडू पिवळे-तांबडे दिसायला लागले की कोकणात लांजा-राजापूरकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "व्हिएतनामनं मारलं." काजू बीचा भाव किलोमागे दहा रुपयांनी उतरला तरी व्हिएतनाम, कारखान्याची एक पाळी बंद पडली तरी व्हिएतनाम. या वाक्याच्या पाठोपाठ बाकीची मांडणी येते. आशियातल्या देशांशी करार करणं म्हणजे आपल्याच कुंपणाला भोक पाडणं. आशियाई बंधुत्व १९५५ साली बांडुंगच्या परिषदेत शोभून दिसलं, आता त्याला बाजारात कोण विचारतो? आणि व्यापार करायचाच तर ज्याच्या खिशात पैसा आहे अशा अमेरिकेशी, युरोपशी करावा. जो आपल्यासारखाच काजू फोडतो, मासे पकडतो, भात लावतो, त्याला आपण विकणार काय?

हे म्हणणं अडाणीपणाचं नाही. ते हसण्यावारी नेणारे बहुतेक लोक कधी बोंडूपासून बी पिळून काढायला बसलेले नसतात. म्हणून त्यातलं खरं आधी मान्य करतो. व्हिएतनामसह आसिआन देशांबरोबरचा मालव्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यानंतर त्या देशांशी आपली व्यापारतूट वाढली. काजूगराच्या निर्यातीत जगात पहिला असणारा भारत २००६ च्या सुमारास व्हिएतनामच्या मागे पडला. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात काजूगरावरची जकात ४५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेली, तरी भलत्याच नावाखाली गर देशात उतरतो ही कारखानदारांची तक्रार थांबली नाही. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बँकॉकमध्ये भारताने आरसीईपी या प्रादेशिक व्यापार करारातून अंग काढून घेतलं तेव्हा कोकणात कुणी सुतक पाळलं नाही. मीही पाळलं नाही. खोट्या नावाने आलेला माल ही चोरी आहे, आणि सहकार्याचं नाव पुढे करून चोरीची वकिली मला करायची नाही.

पण भाव पाडणारी ही बी येते कुठून, ते तरी बघू. देशात काजू बी पिकते साधारण सात-आठ लाख टन. कारखान्यांना लागते ती त्याच्या दुपटीच्या आसपास. उरलेली येते मुख्यतः आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया इथून, म्हणजे आफ्रिकेतून. व्हिएतनाम स्वतःसुद्धा तिथूनच आणि शेजारच्या कंबोडियातून बी उचलतो. आपल्याकडे ती आणतो आपलाच कारखानदार. त्यात त्याचं चुकतं असंही नाही. स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, आणि कटरवर बसणाऱ्या बायकांना पावसाळ्यानंतर घरी बसवायचं नसेल तर पोती कुठून तरी आणावीच लागतात. आता जकातीचा तक्ता पाहा : गरावर ७० टक्के, बीवर ५ टक्के होती, ती २०१८ मध्ये अडीच टक्क्यांवर आणली. कारखान्याला भिंत मिळाली, झाडाला मिळाली नाही. बागायतदाराला बी महाग हवी, कारखानदाराला स्वस्त. हे दोघांमधलं भांडण आहे, आणि ते गावातल्या गावात उघडं पडू नये म्हणून 'व्हिएतनाम' हा शब्द फार सोयीचा पडतो. त्याच्या नावानं दोघंही एका सतरंजीवर बसू शकतात.

आफ्रिकेची कच्ची बी फोडणारे जगातले दोन मोठे देश म्हणजे व्हिएतनाम आणि भारत. म्हणजे दोन आशियाई गिऱ्हाइकं एकाच दारात उभी राहून एकमेकांवर बोली चढवतात, आणि फोडलेला गर नेऊन पुन्हा अमेरिकेतल्या, युरोपातल्या त्याच खरेदीदारांपुढे एकमेकांच्या खाली भाव सांगतात. घेताना चढा, विकताना उतरता. मधल्या मधे दोघांचाही नफा गळतो. तिकडे आयव्हरी कोस्टने कच्च्या बीच्या निर्यातीवर कर बसवला आहे आणि बी आपल्याच देशात फुटावी म्हणून कारखाने उभे करायला घेतले आहेत. त्यांचं ते बरोबरच आहे. पण उद्या तिथली पोती आटली तर व्हिएतनाममधल्या कारखान्याला आणि लांज्यातल्या कारखान्याला एकाच दिवशी घाम फुटेल. आता यंत्रांचं पाहा. बी फोडण्याची स्वयंचलित यंत्रं व्हिएतनामने स्वतः घडवली आणि दुसऱ्या देशांना विकलीदेखील. आमच्याकडे अजून कितीतरी ठिकाणी हातापायाने चालणारा कटर आहे आणि टरफलाच्या तेलाने भाजलेली बोटं आहेत. वैऱ्याचं यंत्र घ्यायला कमीपणा वाटत असेल, तर काजूचं झाडच मुळात ब्राझीलचं आहे आणि ते पोर्तुगीजांनी आणलं, हे आठवावं.

राहिला श्रीमंत गिऱ्हाइकाचा मुद्दा. फळमाशीचं कारण सांगून जपानने १९८६ मध्ये भारतीय आंबा बंद केला आणि दार उघडलं ते २००६ मध्ये. उघडलं म्हणजे किती? फळ उष्ण बाष्पाच्या खोलीत ठेवायचं, गराचं तापमान ४७.५ अंशांवर वीस मिनिटं राखायचं, आणि हे सगळं जपानहून आलेल्या निरीक्षकासमोर. त्याच्या येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च आपण सोसायचा. हापूस हे मुळात नाजूक प्रकरण. साका धरायला त्याला निमित्त लागत नाही. दक्षिण कोरियाच्या अटीही याच धाटणीच्या. अमेरिकेने २००७ मध्ये आंबा घेतला तेव्हा त्याच सुमारास तिथल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना इथं वाट मिळाली. त्याच अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि देशभरच्या कोळंबी निर्यातदारांची झोप उडाली. खिशात पैसा असलेल्या गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे ते सकाळच्या पेपरातच कळतं.

इतकी वर्षं हापूसच्या पेट्या मुकाट्याने उचलल्या त्या आखातानं. भारतीय आंब्याचं सर्वात मोठं परदेशी गिऱ्हाईक वर्षानुवर्षं संयुक्त अरब अमिरात राहिलं आहे, आणि तिथं आंबा खाणारे अर्धेअधिक आपल्याच उपखंडातले, त्यात आमच्या खाडीपट्ट्यातल्या मोहल्ल्यांतून गेलेलेही आले. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाऊन पाहा. एरवी स्वस्तात जाणारा राणी मासा इथे सुरीमी, म्हणजे माशाचा लगदा, होतो आणि जपान, थायलंड, कोरियाकडे निघतो. शब्द जपानी, मासा आमचा. बाला मासा चीनला जातो. समुद्र ज्यांचा भरलेला आहे त्यांनाच आम्ही मासे विकतो. 'सारखाच माल पिकवणाऱ्याला काय विकणार' या प्रश्नाचं उत्तर बर्फाच्या पेटीत भरून रोज धक्क्यावरून जातं.

मग रत्नागिरीचं नुकसान झालंच नाही का? झालं, आणि पुन्हा पुन्हा झालं. पण ते कशानं झालं ते बघायला हवं. पहिली गोष्ट दाभोळची. बहामनी आणि आदिलशाही काळातलं हे मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथूनच जहाजात बसून होर्मुझकडे परतला; अरबस्तानचे, खुरासानचे घोडे इथे उतरत असल्याचं त्यानं नोंदवलं आहे. हे दाभोळ १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज अल्मेदाने जाळलं. पुढे पोर्तुगीजांचा परवाना, त्यांचा तो कार्ताझ, जवळ असल्याशिवाय आमच्या जहाजाला आमच्याच समुद्रात जाता येईना. माल दाभोळचा, गिऱ्हाईक होर्मुझचं, परवाना लिस्बनचा.

दुसरी गोष्ट रत्नागिरी शहरातल्या टेकडीवर उभी आहे. पर्यटक थिबा राजवाड्याचा फोटो काढतात, राजाची कीव करतात आणि भाट्याच्या किनाऱ्यावर जातात. ब्रह्मदेशाचा राजा थिबा इथं का आला हे फार थोड्यांना विचारावंसं वाटतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने सागवानाचे ओंडके कमी दाखवून नेले, असं म्हणत मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला मोठा दंड ठोठावला. त्या भांडणाचं निमित्त करून ब्रिटिशांनी युद्ध पुकारलं, नोव्हेंबर संपायच्या आत राजा कैद झाला, आणि १८८६ मध्ये तो रत्नागिरीत आणला गेला. १९१६ मध्ये इथेच वारला. सागवान ब्रह्मदेशाचं, कंपनीच्या नावात मुंबई, आणि मालकी व तोफा स्कॉटलंड-इंग्लंडच्या. म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थीन सेन डिसेंबर २०१२ मध्ये त्याच्या इथल्या थडग्यापाशी येऊन गेले.

तिसरी गोष्ट आमच्या डोळ्यांदेखतची. गुहागरच्या एन्‌रॉन वीज प्रकल्पासाठी वायू यायचा होता ओमान आणि अबूधाबीहून. समुद्रापलीकडचा शेजारीच तो. पण वायू ओमानचा, चूल गुहागरची आणि हिशेबाची वही ह्यूस्टनची. विजेचा दर डॉलरला बांधलेला. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि ती वही मिटली. यातून आखातावर राग धरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

इथे कुणी तरी नाणार म्हणणारच. सौदी अरामको आणि अबूधाबीची ॲडनॉक २०१८ मध्ये रिफायनरीसाठी आल्या, मार्च २०१९ मध्ये भूसंपादन मागे घ्यावं लागलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच प्रकल्पासाठी बारसूच्या सड्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या. तेव्हा लोकांनी सौदीचा झेंडा जाळला नाही; जमीन, पाणी आणि मोहोर याविषयी विचारलं. भांडवल आशियातलं आहे म्हणून गावाला न विचारता आलेला प्रकल्प पवित्र होत नाही. त्याला सहकार्य म्हणणं मला मान्य नाही.

मग काय मान्य आहे? सर्वांत आधी जकातीला हंगाम जोडा. श्रीलंका हे करते. तिथला कांदा-बटाटा निघायला लागला की आयातीवरचा विशेष वस्तू कर वाढतो, पीक संपलं की उतरतो. काजू बीवर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत जकात चढी असावी आणि नंतर जवळजवळ शून्य. इंडोनेशियाची बी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघते, म्हणजे आमचे कारखाने रिकामे असतात तेव्हा. त्या बीनं कोकणच्या बागायतदाराचा एक रुपयाही बुडत नाही. सबंध वर्षाला एकच दर लावणाऱ्या माणसाला झाड कधी फळतं याची कल्पना नसावी.

दुसरं, तपासणीची मान्यता. आयातशुल्क शून्य करून सह्या झाल्या की दिल्लीत फोटो निघतात. पण हापूसला शुल्कानं अडवलंय कुठे? त्याला अडवलंय निरीक्षकाच्या विमानाच्या तिकिटानं. आमची प्रक्रिया केंद्रं एकदा पारखून घ्या आणि मग आमच्याच निरीक्षकाची सही चालवून घ्या, हा आग्रह करारात शुल्काच्या आधी यायला हवा. कोरोनाच्या काळात चीनने वेष्टनावर विषाणूचे अंश सापडल्याचं सांगत भारतीय मासळीच्या काही कंपन्यांची आयात रोखली. अशा वेळी दाद कुठे मागायची, तेही त्याच करारात लिहिलेलं हवं.

चलनाचं जरा जमू लागलं आहे. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेशी रुपया-दिरहममध्ये देणीघेणी करण्याचा करार केला. दुबईच्या आंब्याचा पैसा न्यूयॉर्कला वळसा घालून का यावा? अर्थात रुपया घेणाऱ्याला त्या रुपयात काही विकतही घेता आलं पाहिजे, नाहीतर रुपया साठवून तो करणार काय.

आणि एक आपल्या अंगावरचं. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण कांद्याची निर्यात रात्रीत बंद केली, तेव्हा पुढच्याच महिन्यात दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी हसत हसत सुनावलं होतं, की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय. सगळे हसले. डिसेंबर २०२३ मध्ये आपण पुन्हा तेच केलं. बांगलादेशाने आपल्या संत्र्यांवर शुल्क का चढवलं, कांदा दुसरीकडून का आणला, वरूडच्या संत्रा-बागायतदाराने कुणाच्या नावानं बोटं मोडावीत, हे प्रश्न आपण विचारायचे तरी कोणत्या तोंडाने? परवाना नेहमी तिसऱ्याच्याच हातात असतो असं नाही. कधी तो आपणच फाडतो.

आसिआनबरोबरच्या कराराचा फेरविचार २०२३ पासून सुरू झाला. त्यात काजू बीच्या जकातीसमोर दोन तारखा लिहून घ्यायच्या आहेत, तेवढं एक पान बागायतदार आणि कारखानदार यांनी मिळून लिहावं लागेल. त्यासाठी दोघांना आधी सतरंजीवर समोरासमोर बसून बीचा भाव ठरवावा लागेल, व्हिएतनामचं नाव न घेता.