काट्याची परीक्षा झाली, आज्ञावलीची केव्हा?

गेल्या काही दशकांत ग्रामीण महाराष्ट्राच्या आर्थिक व्यवहारात एक मोठे स्थित्यंतर घडले आणि ते इतक्या निमूटपणे घडले की, त्याची म्हणावी तशी चर्चाच झाली नाही. माप मोजण्याचे काम माणसाच्या डोळ्यांकडून निघून यंत्राच्या पोटातील संगणकाकडे गेले. तराजूची दांडी आडवी झाली की नाही, हे पूर्वी घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखेच दिसत असे. आज काचेमागे लाल आकडे उमटतात आणि त्यांवर दोघांनीही विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा असते. हे आकडे जिच्या हुकमाने उमटतात ती आज्ञावली मात्र देणाऱ्याने पाहिलेली नसते. बहुधा घेणाऱ्यानेही पाहिलेली नसते.

मोडनिंबसारख्या गावात या प्रश्नाचे महत्त्व सहज ध्यानात येते. उजनीच्या पाण्याने माढा तालुक्याचे अर्थकारण उसाभोवती फिरू लागले. गाळप हंगाम सुरू झाला की, ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यारस्त्यांवर दिसू लागतात आणि वर्षभराच्या कष्टाचा हिशेब भुईकाट्यावरच्या मिनिटभराच्या थांब्यात होतो. दुधाचे वजन आणि फॅट, पेट्रोल पंपावरचे लिटर, घरातील विजेचे युनिट या साऱ्यांचीही हीच कथा आहे. एका सामान्य कुटुंबाचे उत्पन्न आणि खर्च यांचा बराच मोठा भाग आज अशा अदृश्य आज्ञावलींच्या हातून जातो.

भुईकाट्याचे कार्य समजून घेणे कठीण नाही. लोखंडी फलाटाखाली लोडसेल नावाचे पोलादी ठोकळे असतात. भार पडला की, ठोकळा अत्यंत सूक्ष्म प्रमाणात दबतो आणि त्यावर चिकटविलेल्या तारांचा विद्युतरोध बदलतो. यातून मिळणारा विद्युतसंकेत फार क्षीण असतो. काट्याच्या कमाल क्षमतेइतका भार पडला तरी तो काही मिलिव्होल्टच्या घरात राहतो. त्याचे अंकांत रूपांतर होते आणि मग इंडिकेटरमधील छोटा संगणक त्या अंकाला ठरावीक गुणकाने गुणून किलोग्रॅम दाखवितो. शून्य कोणते धरायचे, गुणक कोणता वापरायचा, आकडा किती वेळ स्थिर राहिला म्हणजे तो खरा मानायचा, हे सारे आज्ञावली ठरविते. म्हणजे पोलाद प्रामाणिक असले, तरी हिशेब प्रामाणिक असेलच असे नाही.

या हिशेबातील लहानशा फरकाचे मोल किती? 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला उसाचा रास्त व किफायतशीर दर टनाला 3,550 रुपये ठरविला. वीस टनांच्या खेपेत एक टक्क्याची खोट आली तर 200 किलो ऊस हिशेबातून नाहीसा होतो. तोडणी-वाहतुकीची कपात बाजूला ठेवली तर ही रक्कम 710 रुपये भरते. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घेतले तर हाच एक टक्का दहा हजार टन, म्हणजे साडेतीन कोटींहून अधिक रुपये होतो. कोणत्याही कारखान्यावर हा आरोप नव्हे. इतक्या रकमेचा प्रश्न ज्या आज्ञावलीवर अवलंबून आहे, तिची परीक्षा कशी होते, एवढेच येथे विचारायचे आहे.

आपला कायदा मापांच्या बाबतीत उदासीन नाही. जुन्या मुंबई प्रांतात 1932 साली वजनमापांचा कायदा झाला. 1956 मध्ये देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली. 1976 चा कायदा आला आणि त्याची जागा पुढे 2009 च्या वैधमापन कायद्याने घेतली. हा कायदा 1 एप्रिल 2011 पासून अमलात आहे. त्यानुसार यंत्राच्या नमुन्याला आधी मान्यता मिळवावी लागते आणि वापरातील भुईकाट्याची दरवर्षी पडताळणी करून त्यावर शिक्का मारला जातो. दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखविणाऱ्या पन्नास टनी काट्यावर पडताळणीच्या वेळी वीस टनांना दहा किलोपेक्षा अधिक चूक चालत नाही. नियम कडक आहे, यात शंका नाही.

तथापि या पडताळणीच्या मुळाशी एक गृहीतक आहे. परीक्षेच्या वेळी यंत्र जसे वागते तसेच ते एरवीही वागते, हे ते गृहीतक होय. लोखंडी दांडीच्या तराजूबाबत ते रास्त होते. परीक्षक समोर आहे की नाही, हे दांडीला कळत नाही. आज्ञावलीला मात्र ते कळू शकते. ही कल्पनेची भरारी नाही. याचे दाखले जगात आणि महाराष्ट्रातही घडून गेले आहेत.

फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींचे प्रकरण 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने उघड केले. सुकाणूचे चाक, वेग, इंजिन चालू राहण्याचा काळ यांवरून आपली गाडी प्रयोगशाळेतील रुळांवर धावत आहे की रस्त्यावर, हे गाडीतील आज्ञावली ओळखत असे. परीक्षा असेल तेव्हा धूर नियमात राही; रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण नियमाच्या चाळीसपटीपर्यंत जाई. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी मोजणीचे साधन गाडीत ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर हाकली, तेव्हा या चोरीला वाचा फुटली. आपल्याकडे हेच काम पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या 1966 साली स्थापन झालेल्या संस्थेने केले. तिने या गाड्या रस्त्यावर तपासल्या असता उत्सर्जन मर्यादेच्या 1.1 ते 2.6 पट आढळले आणि डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने भारतातील 3,23,700 गाड्या परत बोलाविण्याची घोषणा केली. आज प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणी हा आपल्या वाहन नियमांचाच भाग झाला आहे. हा धडा मोटारीपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा दाखला पेट्रोल पंपांचा. एप्रिल 2017 मध्ये उत्तर प्रदेशच्या विशेष पोलिस दलाने लखनौमध्ये छापे घातले, तेव्हा पंपांत बसविलेल्या चिपा आणि त्या दुरून चालू-बंद करण्याची साधने सापडली. पुढे त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रातील अनेक पंपांवर कारवाई केली आणि पल्सर व नियंत्रण कार्डांतील फेरफार उजेडात आले. पाच लिटरचे प्रमाणित माप घेऊन अधिकारी आला की, यंत्र सज्जन व्हावे आणि तो गेला की पुन्हा हात मारावा, अशी सोय या तंत्राने होऊ शकते. येथे मापाचे भांडे अगदी बिनचूक असूनही उपयोगाचे राहत नाही.

चूक नेहमी लबाडीतूनच होते असेही नाही. 4 जून 1996 रोजी युरोपचे एरियन-5 हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. आधीच्या एरियन-4 मधील आज्ञावलीचा एक भाग नव्या रॉकेटच्या मार्गावर न तपासता तसाच वापरला होता. मोठी संख्या लहान जागेत मावली नाही आणि सारी यंत्रणा कोलमडली. तेथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. भुईकाट्यावरही फलाटाखाली साचलेला चिखल, हेलकावणारा वीजदाब, दमट हवा आणि उन्हाळा हे सारे आज्ञावलीला चकवू शकतात. वजनयंत्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत वेगळे काही नमूद नसेल तर उणे 10 ते 40 अंश सेल्सिअस ही तापमानाची कक्षा धरली जाते. सोलापूरचा एप्रिल-मे या कक्षेत बसत नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. उसाचा हंगाम तोवर संपतो. परंतु दुधाचा आणि बाजार समितीचा काटा बारमाही चालतो.

मग अशा आज्ञावलीची परीक्षा करावी तरी कशी? सर्व शक्यता तपासून पाहू, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. प्रत्येकी सोळा अंकस्थानांच्या दोनच संख्या यंत्रात जात असल्या, तरी त्यांच्या जोड्या चार अब्जांहून अधिक होतात; सेकंदाला एक याप्रमाणे तपासल्या तर सुमारे 136 वर्षे लागतील. चाचणीने दोष असल्याचे दाखविता येते. दोष नसल्याची हमी देता येत नाही, हे संगणकशास्त्रातील जुने सत्य आहे. म्हणून या शास्त्राने एकाच चाचणीवर विसंबण्याऐवजी अनेक बाजूंनी घेरण्याची पद्धत विकसित केली. आज्ञावलीचे तुकडे आधी साध्या संगणकावर स्वतंत्रपणे तपासतात. यंत्र न चालविता केवळ मजकूर वाचून धोक्याच्या जागा दाखविणारी साधने आहेत. त्यानंतर खऱ्या यंत्राला खोट्या जगाशी जोडतात. लोडसेलच्या जागी तेवढेच मिलिव्होल्ट पुरविणारे उपकरण लावले की, फलाट, ट्रॉली आणि ऊस यांच्याविना एका रात्रीत हजारो वजने तपासता येतात. ऑसिलोस्कोप आणि लॉजिक अॅनलायझर यांनी यंत्राच्या पोटातील संकेत डोळ्यांना दिसतात. यातील बहुतेक साधने अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना अपरिचित नाहीत.

यावरून काही गोष्टी ओघानेच येतात. पहिली, काट्यातील आज्ञावलीला ओळख असली पाहिजे. आज्ञावलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक खूण-आकडा इंडिकेटरवर दिसावा आणि तो मान्यताप्राप्त नमुन्याच्या आकड्याशी जुळतो की नाही, हे निरीक्षकाला ताडता यावे. एक अक्षर बदलले तरी हा आकडा बदलतो. मात्र लबाड आज्ञावली खोटा आकडाही दाखवू शकते. म्हणून प्रसंगी इंडिकेटर उघडून, स्मृतीतील मजकूर बाहेर काढून तो पडताळण्याचा अधिकार आणि साधन निरीक्षकाकडे हवे. दुसरी, गुणक किंवा शून्य बदलल्याची प्रत्येक नोंद पुसता न येणाऱ्या मोजणीत राहावी. मोजमापाच्या यंत्रांतील आज्ञावलींविषयी आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेने 2008 मध्येच मार्गदर्शक दस्तऐवज काढला आहे. आणि सप्टेंबर 2023 पासून भारत या संघटनेची प्रमाणपत्रे देणाऱ्या मोजक्या देशांत गणला जातो. जगाला प्रमाणपत्र देणाऱ्याने घरच्या काट्याला तेच मोजमाप लावावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. तिसरी, हंगाम ऐन भरात असताना, पूर्वसूचना न देता, वजन झालेली ट्रॉली तशीच दुसऱ्या प्रमाणित काट्यावर नेऊन ताडून पाहावी. रस्त्यावरच्या मोटार चाचणीचे हे उसातील रूप होय. भरारी पथकांना एवढे काम दिले आणि त्याचे आकडे तालुक्याच्या ठिकाणी फळ्यावर लावले, तरी बरेच साधेल.

यावर आक्षेप येतील. आज्ञावली हे उत्पादकाचे व्यापारी गुपित आहे, असे सांगितले जाईल. परंतु औषधाची कृती गुपित असली तरी औषध नियंत्रकापासून ती लपविता येत नाही. खर्चाचाही मुद्दा निघेल. वैधमापन खात्याकडे मनुष्यबळ अपुरे असेल तर सोलापूर, पंढरपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्राध्यापक-विद्यार्थ्यांना खात्याच्या देखरेखीखाली हे काम देता येईल. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खरा विषय मिळेल आणि ज्या गावांतून ते आले त्या गावांना विद्येचा रोकडा उपयोग दिसेल.

शिवाय खर्चाचा हिशेब एकाच बाजूने मांडणे बरोबर नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा खरेखोटेपणा एकाच पक्षाला ठाऊक असेल तर दुसरा पक्ष सर्वांनाच संशयाने पाहतो आणि त्यात चांगला माल विकणारा बुडतो. 2001 मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकाच्या मुळाशी हाच विचार होता. काटामारीच्या संशयाने नेमके हेच होते. चोख वजन करणाऱ्या कारखान्याला त्याच्या चोखपणाचे श्रेय मिळत नाही. उलट शेतकरी ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर नेतो, डिझेल जाळतो, रांगेत वेळ घालवितो आणि प्रसंगी आंदोलनात उतरतो. संशयाची ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण ती समाज दरवर्षी मोजत असतो. आज्ञावलीची खुली परीक्षा झाली तर तिचा पहिला लाभ प्रामाणिक काटेवाल्यालाच होईल. तेव्हा या मागणीला विरोध करणाऱ्याने, आपण कोणाची बाजू घेत आहोत, याचा विचार केलेला बरा.

वजन हा राज्य आणि प्रजा यांच्यातील फार जुना करार आहे. नाण्यावर आणि मापावर सत्तेची मुद्रा असते ती एवढ्यासाठी की, दुबळ्याने बलवानाशी व्यवहार करताना भिऊ नये. लोखंडाच्या मापावर ती मुद्रा छिन्नीने उमटविता आली. आता माप लोखंडातून निघून आज्ञावलीत जाऊन बसले आहे; मुद्रेनेही तेथवर पोचले पाहिजे. वैधमापन यंत्रणा, साखर आयुक्तालय आणि कारखान्यांचे संचालक यांनी पुढचा गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून निदान एका तालुक्यात हा प्रयोग करावा. त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही.