पाळणा थांबला, पण कुणाच्या जिवावर?

आपल्या आजीच्या काळात घरात सात-आठ लेकरं असणं नवलाचं नव्हतं. त्यातली जगतील किती, हा घोर मात्र असायचा. आज आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, दोन लेकरं झाली की घरची माणसंच 'आता बास' म्हणतात. आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी २.९ मुलं होत होती. २००५-०६ मध्ये ती २.१ वर आली आणि २०१९-२१ मध्ये १.७ वर. लोकसंख्या आहे तेवढीच राहायला साधारण २.१ लागतात. म्हणजे आपण त्याच्याही खाली आलो.

हे एका दिवसात झालं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा लोकांनी त्यांना नावं ठेवली. पुढे सरकारचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला. पण नुसत्या घोषणांनी कुणी ऐकत नसतं. १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात. २०२० मध्ये हा आकडा २८ झाला. झालेलं लेकरू जगणार, हा भरवसा आला तेव्हा आयांनीच पाळणा आवरता घेतला. त्यात मुली शाळेत गेल्या, जमिनीचे तुकडे पडले, शिक्षणाचा खर्च वाढला.

इथवर सगळं छान वाटतं. पण मैत्रिणींनो, हा पाळणा कुणाच्या जिवावर थांबला?

राज्यात लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकही नाही. १९७६ च्या आणीबाणीत पुरुषांवर जबरदस्ती झाली, त्याचा रोष सरकारला भोवला आणि मग सगळा भार गुपचूप बायकांवर सरकला. बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला की बायका पदर तोंडाला लावून हसतात. 'ताई, त्यांना उसाच्या मोळ्या उचलायच्या असतात, अंगात कमजोरी येईल ना!' मोळ्या आपणही उचलतो, हंडे आपणच वाहतो, हे कुणाच्या मनातच येत नाही. खरं तर पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी. पोट उघडावं लागत नाही, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, आणि ताकद कमी होत नाही. पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं, एवढंच पथ्य.

दुसरी गोष्ट वयाची. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं २०१९-२१ ची पाहणी सांगते. आपल्या मराठवाड्यात तर त्याहून जास्त. सतराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन बाळंतपणं, पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया. कुटुंब लहान झालं, पण त्या पोरीचं शिक्षण, तिचं आरोग्य, तिची मर्जी यांचा हिशेब कुठे आहे?

आणि तिसरी गोष्ट बोलायलाही जड जाते. दोनच लेकरं, पण त्यात एक मुलगा हवाच. याची किंमत पोटातल्या मुलींनी मोजली. आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ मध्ये ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८६७ उरल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ चा, देशाचा १९९४ चा. कायदा आहे, पण वंशाचा दिवा अजून आपल्या डोक्यातच तेवतो आहे.

आता वारं फिरतं आहे. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी जास्त मुलं जन्माला घाला, असं आवाहन केलं. आपल्याकडे मात्र दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, हा नियम सप्टेंबर २००१ पासून लागू झालेला. काल म्हणाले थांबा, उद्या म्हणतील वाढवा. दोन्ही वेळा बाईला विचारलंय कुणी?

म्हणून मला वाटतं, लेकरं किती यापेक्षा ठरवतं कोण, हा प्रश्न मोठा आहे. मुलीला अठरापर्यंत शिकू द्या. शेजारी बालविवाह ठरत असेल तर १०९८ वर फोन करा. सुनेची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी तांबी, गोळ्या, इंजेक्शन यांची माहिती आशाताईंकडून घ्या, आणि मुलालाही त्या बोलण्यात बसवा. सासूबाईंनी एकदा जरी म्हटलं, 'या वेळी तू दवाखान्यात जा रे,' तरी पुष्कळ होईल.